आठवडाभर रजा घेऊनही थकवा जात नाही, तेव्हा काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा वर्षं एकाच क्षेत्रात नोकरी, त्यातली शेवटची तीन टीमप्रमुख म्हणून. गेलं वर्षभर रविवारी दुपारपासूनच सोमवार अंगावर येतो. तासाभराच्या कामाला अख्खी सकाळ जाते. टीममधलं कुणी अडचण घेऊन आलं की ऐकताना चीड येते, आणि घरी गेल्यावर कुणी हाक मारली तरी नको वाटतं. मध्ये आठवडाभर रजा घेतलीत, बरं वाटलं, पण कामावर परतल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. 'स्वतःची काळजी घे' असं सगळे सांगतात, पण म्हणजे नक्की काय करायचं ते कुणी सांगत नाही. हा बर्नआऊट, म्हणजे कामाच्या साचलेल्या ताणाने पिळून निघणं, आहे की आपण आळशी झालो आहोत, आणि नोकरी सोडावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

आळसाचं आधी निकालात काढू. आळशी माणसाला काम टाळलं की बरं वाटतं. तुम्हाला काम टाळूनही बरं वाटत नाही, उलट टाळलेलं काम रात्री उशाशी येऊन बसतं. समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक माणसांचा इतिहास काढला तर ती कधीकाळी गटातली सगळ्यांत झोकून देणारी माणसं निघतात. हे निरीक्षण माझं एकटीचं नाही. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली बर्नआऊटवर पहिला गाजलेला लेख लिहिला, तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांना पाहून. तिथेही आधी कोलमडत होते ते मनापासून काम करणारेच.

हा बर्नआऊट आहे का, हे ओळखायला तीन गोष्टी एकत्र बघायच्या. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीना मास्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोजमापाची जी प्रश्नावली तयार केली ती याच तीन गोष्टींवर उभी आहे, आणि आजही जगभर तीच चौकट वापरली जाते. पहिली गोष्ट म्हणजे पिळून निघाल्यासारखा थकवा. दुसरी, कामाबद्दल आणि कामातल्या माणसांबद्दल आलेला तुटकपणा. तिसरी, आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना.

थकव्याबद्दल फार सांगायला नको, तो तुम्हाला ठाऊकच आहे. एकच खूण सांगते. साधा थकवा झोपेने उतरतो. बर्नआऊटमधला माणूस सात-आठ तास झोपूनही उठतो तो दमलेलाच, आणि दिवसभर उसनं अवसान आणून वावरतो.

तुटकपणावर मात्र थांबायला हवं, कारण लोक सगळ्यांत जास्त लपवतात ते हेच. थकलो म्हणायला कुणी लाजत नाही. पण 'समोरचा रडत होता आणि माझ्या मनात फक्त एवढंच आलं की हा कधी उठून जाईल', हे सांगताना माणसाची मान खाली जाते. शिक्षक मुलांना नावाऐवजी 'ती मागच्या बाकावरची कटकट' म्हणू लागतो. परिचारिकेच्या बोलण्यात रुग्णाची ओळख फक्त खाटेच्या क्रमांकाने उरते. तुमच्यासारखा टीमप्रमुख आलेला मेसेज उघडण्याआधीच 'आता काय हवंय' असं पुटपुटतो. आपण दगड झालो, माणुसकी संपली, असं वाटून ही माणसं स्वतःचाच तिरस्कार करू लागतात. तसं झालेलं नसतं. ज्याच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही, तो माणूस मागणाऱ्यापासून लांब सरकतो. तुटकपणा ही मनाने स्वतःला वाचवायला उभी केलेली आडभिंत आहे. शक्ती परत आली की बहुतेकांचा जिव्हाळाही परततो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तेव्हा टीमच्या अडचणी ऐकताना येणाऱ्या चिडीवरून स्वतःच्या स्वभावाचा निकाल लावू नका.

तिसरी खूण फसवी असते. काम खरोखरच मंदावतं, चुका वाढतात, तीच ओळ चारदा वाचावी लागते. मग माणूस ती भरपाई जास्त तास बसून करतो. त्यातून थकवा वाढतो, काम आणखी मंदावतं. तासाभराच्या कामाला तुमची सकाळ जाते आहे, म्हणजे तुम्ही या फेऱ्यात आहात. इथे जास्त वेळ बसणं हा उपाय राहत नाही, तोच आजाराला खतपाणी घालतो.

आजार हा शब्द मी सैलपणे वापरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, बर्नआऊटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ साचत राहिला आणि त्याचा निचरा झाला नाही की जे होतं ते, अशी ती नोंद आहे. हा नुसता तांत्रिक तपशील नाही. याचा अर्थ असा की निम्मं कारण तुमच्या आत नाही, कामाच्या रचनेत आहे. ते पुढे येईलच.

आता एक काम, जे बाकी सगळ्याच्या आधी करायचं. डॉक्टरांकडे जा. सततचा थकवा अनेक गोष्टींनी येतो आणि त्यातल्या काही साध्या रक्ततपासणीत सापडतात. रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ जीवनसत्त्व या तपासण्या करून घ्या. मोठ्याने घोरत असाल, सकाळी उठताना डोकं जड असेल, दिवसा बसल्या जागी डुलक्या येत असतील तर तेही सांगा, कारण झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असेल तर तो कितीही रजा घेतली तरी जाणार नाही. थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळायला होत असेल आणि ते दिवसेंदिवस टिकत असेल, तर तेही आवर्जून सांगण्यासारखं आहे. त्यात जबरदस्तीने व्यायाम केल्यास अपाय होतो.

दुसरं, नैराश्य. बर्नआऊट आणि नैराश्य एकमेकांत मिसळतात, आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. ढोबळ फरक सांगायचा तर बर्नआऊटच्या सुरुवातीला काळोख कामाभोवती असतो. जुना मित्र भेटला, आवडीचं गाणं लागलं की काही वेळ चेहरा खुलतो. नैराश्यात काळोख सगळीकडे पसरतो. दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला उशीर करू नका. नैराश्यावर चांगले उपचार आहेत. आणि जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर हे उत्तर इथेच थांबवा. जवळच्या माणसाला आत्ताच्या आत्ता सांगा, डॉक्टर किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनशी बोला, एकटे राहू नका. त्यावर घरगुती उपाय करायचे नसतात.

हे दोन्ही तपासून झालं आणि उरला तो बर्नआऊट, असं धरून पुढे बोलते.

तुमची आठवड्याची रजा का पुरली नाही? रजेत बरं वाटतं हे खरं आहे, आणि कामावर परतल्यावर तो परिणाम काही आठवड्यांतच विरून जातो हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. परतल्यावर कामाचा तोच ढीग, तीच पद्धत, त्याच अपेक्षा असतील तर तो आणखी लवकर विरतो. शिवाय रजेत शरीर रजेवर होतं, पण मन होतं का? जबीने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस कशामुळे सावरतो ते चार भागांत मांडलं. कामापासून मन सुटणं, शरीर-मन सैल पडणं, कामाबाहेरचं काहीतरी जमल्याचा आनंद मिळणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. मला यातला पहिला भाग सगळ्यांत कळीचा वाटतो. रजेत दिवसातून चार वेळा ऑफिसचा मेल उघडून पाहणाऱ्याचं मन कामातून सुटलेलंच नसतं. 'फक्त बघतो, उत्तर देत नाही' हे तर आणखी वाईट. उत्तर दिलं की विषय निदान मिटतो, नुसतं बघितलं की तो डोक्यात घोळत राहतो.

आता 'स्वतःची काळजी घे' या सल्ल्याकडे येते. हा सल्ला मिळाला की लोक यादी वाढवतात. पहाटे उठून ध्यान, मग व्यायाम, रोजनिशी, वाचन, एखादा छंदवर्ग. आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी पाच कामं चढतात. दुसऱ्या आठवड्यात ती सुटतात आणि 'मला स्वतःची काळजीसुद्धा नीट घेता येत नाही' ही नवी टोचणी लागते. मी ठामपणे सांगते, बर्नआऊटमध्ये सुरुवात वजाबाकीने करायची. पहिले तीन-चार आठवडे नवं काही सुरू करू नका. आधी काढा.

काय काढायचं हे मनात विचार करून ठरवू नका, कारण दमलेलं मन सगळंच महत्त्वाचं किंवा सगळंच निरर्थक ठरवतं. कागदावर उतरवा. एक साधी वही घ्या आणि आठवडाभर दर दोन-तीन तासांनी एक ओळ लिहा. काय केलं, आणि त्यानंतर अंगातलं बळ शून्य ते दहामध्ये किती उरलं. बस, एवढंच. भावना लिहायच्या नाहीत, विश्लेषण करायचं नाही.

त्यातून काय निघतं हे एका उदाहरणावरून दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हिशेब विभागातल्या एक बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची खात्री होती की वर्षाखेरीच्या आकडेमोडीने आपला जीव घेतला. वहीत मात्र उलटं दिसलं. सकाळी दार लावून आकडेमोड करत बसल्या की पुढचा आकडा सहा-सात असायचा. तो घसरायचा दोन ठिकाणी. दुपारच्या बैठकीनंतर तीन. तिथे त्यांना बोलायचं काहीच नसायचं, पण हजर राहावं लागायचं आणि परतल्यावर खोळंबलेलं काम समोर असायचं. आणि रात्री नऊ ते अकरा, विभागाच्या ग्रुपवर येणाऱ्या शंकांना उत्तरं देताना, आकडा एकवर. त्याखालच्या ओळीत बहुतेक रात्री 'झोप नाही' असं लिहिलेलं. त्यांनी वही उलटीसुलटी करून पुन्हा पाहिली आणि म्हणाल्या, 'म्हणजे मला कामाचा कंटाळा नाहीच आलेला.' त्यांनी दोनच गोष्टी काढल्या. वरिष्ठांशी बोलून बैठकीला आळीपाळीने एकानेच जायचं ठरलं, आणि रात्री आठनंतर ग्रुपवर उत्तर नाही, शंका सकाळी साडेनऊला एकत्र. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली. पुढे लोक सकाळी विचारू लागले. सगळं बरं झालं असं नाही, पण झोप परत आली आणि बाकीचं त्या झोपेवर उभं राहिलं.

तुमच्या वहीत दुसरंच काही निघेल. टीमप्रमुखांच्या वहीत बरेचदा निघते ती दुसऱ्याच्या कामाची गुपचूप दुरुस्ती. सांगत बसण्यापेक्षा स्वतःच करून टाकलेलं पटकन होतं म्हणून ते हातावर येतं आणि वर्षानुवर्षं हातावरच राहतं. ते शोधा.

यादी झाली की तीन खुणा करा. जे कुणालाच न कळता बंद करता येईल ते. जे दुसऱ्याला देता येईल ते. आणि जे तुम्हीच करायचं, पण आत्ताच्यापेक्षा बेताचं केलं तरी चालेल ते. तिसऱ्यात लोक अडखळतात. आतापर्यंत ज्यांची सगळी ओळखच 'याला सांगितलं म्हणजे काम चोख' अशी आहे, त्यांना अहवाल सात पानांऐवजी तीन पानांत देणं म्हणजे फसवणूक वाटते. त्या तीन पानांवर कुणी तक्रार करतं का ते बघा. बहुतेक वेळा करत नाही.

वजाबाकीतून जो वेळ निघेल तो पहिल्यांदा झोपेला द्या. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात, आणि सावरण्याच्या काळात जास्त लागले तर लागू द्यात. झोपेची वेळ ठरवणं आपल्या हातात फारसं नसतं, उठण्याची असते. म्हणून उठण्याची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही फार तर तासाभराचा फरक. दुपारनंतर चहा-कॉफी आवरती घ्या. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला सरासरी पाचेक तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचच्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री दहालाही अंगात असतं. मद्याने झोप लवकर लागते हे खरं, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटक होतो, तेव्हा तो उपाय समजू नका. अंथरुणात पडून वीस-पंचवीस मिनिटं झाली आणि डोळ्याला डोळा लागत नसेल तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी निरुपद्रवी करा, झोप आली की परत या. कूस बदलत पडून राहिलं की अंथरूण आणि चिंता यांची मनात जोडी जमते. आणि कामाचे विचार रात्री येतातच, तर संध्याकाळी काम संपवताना पाच मिनिटं उद्याच्या गोष्टी लिहून ठेवा. काय अर्धवट आहे आणि उद्या पहिली पायरी कोणती, इतकंच. कागदावर गेलेली गोष्ट मनाला कमी आठवत राहावी लागते. असं करूनही अनेक आठवडे झोप लागत नसेल तर निद्रानाशासाठीची खास वर्तन-उपचारपद्धती आहे, गोळ्यांआधी तिच्याबद्दल तज्ज्ञांना विचारा.

शरीर हलवायलाच हवं, पण इथेही बेताने. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस निरोगी दिनक्रमासाठी आहे. पहिल्या महिन्यात तिथवर पोहोचायची घाई नको. दिवसाउजेडी दहा मिनिटं चाला, फोन घरी ठेवून. परत आल्यावर थोडं ताजंतवानं वाटायला हवं. गळून गेल्यासारखं वाटत असेल तर उद्या पाच मिनिटं. तुम्हाला कामात जी 'अजून थोडं ओढू' ची सवय लागली आहे, ती चालण्यात आणू नका.

जेवणाचं एका वाक्यात. काम करता करता स्क्रीनसमोर जेवणं बंद करा आणि जेवणाच्या वेळा चुकवू नका, पथ्यपाण्याच्या भानगडीत आत्ता पडू नका.

तीन-चार आठवड्यांनी झोप थोडी सावरली की मग बेरीज. तीसुद्धा एकाच गोष्टीची. इथे लोक म्हणतात, 'मला काही करावंसंच वाटत नाही, वाटलं की करीन.' बर्नआऊटमध्ये क्रम उलटा असतो. आधी कृती, मग उमेद. म्हणून कृती इतकी छोटी ठेवा की तिला उमेद लागूच नये. पेटी वाजवत होतात तर पेटीवरचं कापड काढून दोन मिनिटं बसा. चित्र काढत होतात तर फक्त रंग मांडा. त्यातून काही घडायला नको, कुणाला दाखवायला नको. शक्यतो हाताने करायचं आणि तुमच्या नोकरीशी काडीचा संबंध नसलेलं काही निवडा. सोनेनटाग-फ्रिट्झ यांच्या चौकटीतला 'जमल्याचा आनंद' तो हाच. दिवसभर ज्याचं काम कधी पुरं होत नाही, त्याला एखादी गोष्ट सुरू होऊन संपलेली दिसणं ही मोठी भरपाई असते. फोनवर तासन्‌तास सरकत राहणं या यादीत बसत नाही. त्याने वेळ जातो, मन सुटत नाही. वहीतला आकडाच तुम्हाला ते दाखवील.

माणसांबद्दलही हेच. घरी कुणी हाक मारली तरी नको वाटतं म्हणता, तर घरच्यांना कारण सांगून टाका. न सांगितल्याने त्यांना तो राग त्यांच्यावरचा वाटतो. 'मी तुमच्यावर चिडलेलो नाही. घरी आल्यावर मला वीस मिनिटं कुणाशी बोलायला नको, नंतर मी तुमचाच.' हे वाक्य वापरून पाहा, आणि मग त्या वीस मिनिटांनंतर खरंच बाहेर या. मित्रांपैकी एक निवडा, ज्याच्यासमोर चांगलं असल्याचं सोंग करावं लागत नाही. दहाजणांच्या गप्पांपेक्षा त्या एकाबरोबरचा अर्धा तास जास्त कामाचा.

आता मघाशी बाजूला ठेवलेला निम्मा भाग, म्हणजे काम. फक्त स्वतःला घडवून बर्नआऊट जातो असं जे सांगतात ते तुमच्यावर अन्याय करतात. डॉक्टरांमधल्या बर्नआऊटवरच्या उपायांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात व्यक्तीला दिलेल्या प्रशिक्षणापेक्षा संस्थेच्या पातळीवर केलेल्या बदलांचा परिणाम जास्त दिसला. हे मनाला पटण्यासारखंच आहे. ज्या भांड्याला भोक आहे त्यात वरून कितीही पाणी ओता.

मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी कामातल्या सहा जागा सांगितल्या आहेत जिथे माणूस आणि काम यांचं बिनसतं. कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांशी नातं, न्याय, आणि मूल्यं. वहीवर नजर टाकून बघा, तुमचं बिनसलंय ते नेमकं कुठे. सगळे जण 'बोजा' म्हणतात, कारण तो सांगायला सोपा. खोदल्यावर अनेकदा सापडतो तो ताबा किंवा न्याय. जबाबदारी माझी, निर्णय दुसऱ्याचा. किंवा काम माझ्या टीमचं, नाव भलत्याचं. बोजा असेल तर तास कमी करावे लागतील, पण ताबा गेला असेल तर नुसते तास कमी करून भागणार नाही.

आणि बोजाच असेल तर तो हलक्यात घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तुमचे खरे तास मोजा, घरून रात्री केलेले धरून.

वरिष्ठांशी बोलताना 'मला बर्नआऊट झालाय' इथून सुरुवात करू नका असं मी सहसा सुचवते. ऐकणारा सहानुभूती दाखवतो, रजा घ्या म्हणतो आणि विषय संपतो. ठोस कामावर बोट ठेवा. 'माझ्याकडे आत्ता ही अकरा कामं आहेत. या महिन्यात यातली सात नीट होतील. कोणती चार मागे ठेवू हे आपण आज ठरवू या.' यात तक्रार नाही, निवड त्यांच्यासमोर आहे. सोबत कामांची यादी छापून न्या, तोंडी आकडे हवेत विरतात. ठरलं ते त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवा. सगळं मान्य होणार नाही. एक गोष्ट मान्य झाली तरी ती तुमच्या झोपेत दिसेल. आणि टीममधल्या लोकांच्या अडचणी ऐकण्यासाठी दिवसातली एक ठरावीक वेळ ठेवा. दिवसभर दार उघडं ठेवणारा प्रमुख कनवाळू दिसतो खरा, पण दुपारी चारनंतर कुणाचंच नीट ऐकू शकत नाही.

थोडं विषयांतर करते. हे वाचणाऱ्यांत काही जण असे असतील ज्यांना नोकरीचा त्रास नाही, पण घरातल्या आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा करून जीव मेटाकुटीला आला आहे. वर्गीकरणातली नोंद कामाच्या ठिकाणापुरती आहे म्हणून तुमचा थकवा खोटा ठरत नाही. तुमच्यासाठीही वही तीच, वजाबाकी तीच, फक्त वरिष्ठांच्या जागी भावंडं आणि नातेवाईक आहेत. त्यांना 'मदत करा' म्हणू नका, 'दर शनिवारी दुपारी दोन ते सहा तू बसायचंस' म्हणा.

सावरायला किती वेळ लागेल? सौम्य असेल तर काही आठवड्यांत फरक जाणवतो. वर्षभर साचलेलं असेल तर महिने धरून चला, आणि फार खोलवर गेलेल्यांना वर्ष किंवा अधिकही लागतं. वाट सरळ चढत नाही. बहुतेकांत आधी झोप सुधारते, मग चिडचिड ओसरते, मग अधूनमधून हसू येतं. एकाग्रता आणि नवं काही करण्याची हौस सगळ्यांत शेवटी परतते. नेमकं इथेच लोक फसतात. दोन दिवस चांगले गेले की साचलेलं सगळं एका दमात उरकायला घेतात आणि पुढचे चार दिवस आडवे होतात. चांगल्या दिवशीही ठरवलेल्यापेक्षा जास्त काम करायचं नाही, हा नियम वाईट दिवसांसाठीच्या कुठल्याही नियमापेक्षा पाळायला कठीण आहे आणि जास्त महत्त्वाचाही. वही महिन्यातून एक आठवडा चालू ठेवा, म्हणजे मनाला 'काहीच फरक नाही' वाटत असतानाही आकडे तीनवरून पाचवर आलेले दिसतील.

स्वतःशी बोलण्याचा सूर या सगळ्यात फार मोजला जातो. टीममधला एखादा तुमच्याकडे येऊन अगदी हीच लक्षणं सांगत असता, तर तुम्ही त्याला 'आळशी झालास' म्हटलं असतं का? जे त्याला म्हटलं असतं ते स्वतःला म्हणा, शब्दशः, हवं तर लिहून. स्वतःला चाबूक मारत सावरता येत नाही. तो चाबूकही शक्तीच खातो.

महिना-दीड महिना हे करून आकडा जागचा हलला नाही, किंवा एकट्याने जमत नाही असं वाटलं, तर समुपदेशकाकडे जा. शेवटचा उपाय म्हणून नको, लवकरच जा. सहा महिन्यांनी आलेल्या माणसापेक्षा सहा आठवड्यांनी आलेल्या माणसाबरोबर काम करणं दोघांनाही सोपं जातं.

राहिला नोकरीचा प्रश्न. या अवस्थेत राजीनामा लिहू नका, असं माझं बहुतेकांना सांगणं असतं. दमलेल्या डोक्याला सगळ्या नोकऱ्या नकोशा वाटतात, ही कोणती आणि पुढची कोणती हवी यातला फरक त्याला दिसत नाही. सलग चारेक आठवडे झोप ठीक लागली की निर्णयाला बसा. तेव्हा सहा जागांची ती यादी समोर घ्या. बिनसलं होतं ते बोजा किंवा बैठकींच्या पद्धतीत असेल आणि त्यात थोडा तरी बदल झाला असेल, तर नोकरी टिकवून बघण्यात अर्थ आहे. बिनसलं होतं ते न्यायात किंवा मूल्यांत असेल, तुम्ही दोनदा नीट मांडूनही काही हललं नसेल, तर दुसरी शोधायला लागा, पण पहिली हातात ठेवून. याला अपवाद एकच. तिथे अपमान, छळ किंवा धमक्या होत असतील, किंवा तुमच्या डॉक्टरांनी तब्येतीसाठी थांबायला सांगितलं असेल, तर वाट बघू नका. तेव्हा आधी वैद्यकीय रजा घ्या आणि पुढचा विचार घरी बसून करा.